पर्लकोटेला पूर आहे

ताडोब्याच्या जिप्सीत बसायला माणसं महिनोन्‌महिने आधी पैसे भरून ठेवतात. मूल-सावलीकडच्या कुठल्याही गावात सरपंचपदाला चार-सहा अर्ज सहज पडतात आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाच्या पाया पडत फिरतं. चंद्रपुरात गणेश मंडळाच्या अध्यक्षपदावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. झाडीपट्टीच्या नाटकात बिनसंवादाचा शिपाई व्हायलासुद्धा लोक तयार असतात, फक्त पोस्टरवर नाव पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पद म्हटलं की माणूस झोपेतून उठून बसतो. अपवाद आमच्या डॉक्टरांच्या संघटनेचा. इथे पद म्हटलं की माणूस फोन सायलेंटवर टाकतो.

यंदा मी संघटनेचा निवडणूक अधिकारी आहे. हा मान ज्येष्ठतेमुळे मिळाला, असं आमची ही नातेवाइकांना सांगते. खरं कारण म्हणजे घटनेतलं एक कलम. निवडणूक अधिकाऱ्याला कुठल्याही पदासाठी उभं राहता येत नाही. हे कलम वाचलं आणि सभेत मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. ती घटना पूर्ण वाचलेला बहुधा मी एकटाच सभासद असेन. तिच्यात संस्थेचं कार्यक्षेत्र अजून ‘चांदा जिल्हा’ असं आहे. चांद्याचं चंद्रपूर झालं, 26 ऑगस्ट 1982 ला त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पण घटनादुरुस्ती करायला सचिव लागतो. तो मिळेपर्यंत आमच्या लेखी सिरोंचा चांद्यातच आहे.

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष व इतर पदांसाठी उमेदवारी अर्ज मागविण्यात येत आहेत,’ अशी नोटीस मी ग्रुपवर टाकली. ‘अध्यक्ष’ हा शब्द दिसल्याबरोबर ब्रह्मपुरीच्या एका सर्जननी ‘हार्दिक अभिनंदन सर’ असं लिहिलं. मग ग्रुप जागा झाला. वरोरा, राजुरा, गोंडपिपरी, चामोर्शी, सगळीकडून अभिनंदनाची झड लागली. कुणी पुष्पगुच्छ टाकला, कुणी हात जोडले, एकाने डरकाळी फोडणारा हलता वाघ पाठवला. अभिनंदन नेमकं कुणाचं चाललंय, हे कुणीच विचारेना. कारण विचारणं म्हणजे नोटीस वाचली नाही हे कबूल करणं. संध्याकाळी आरमोरीच्या एका डॉक्टरांनी ‘आपण सर्वांनी दाखवलेल्या प्रेमाने भारावून गेलो’ असं लिहून आभार मानले. त्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. मग सगळ्यांनी त्यांना नव्याने शुभेच्छा दिल्या आणि माझी नोटीस वर, फार वर, निघून गेली.

शेवटी मी एकेकाला फोन लावायला बसलो.

इतर कुठल्याही धंद्यातला माणूस जबाबदारी टाळायला आजारी पडला तर त्याला डॉक्टरचा दाखला आणावा लागतो. आमच्यात दाखला घरचाच. हाडांच्या डॉक्टरांची कंबर धरली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांना हल्ली बारीक अक्षरांची घटना वाचवत नव्हती. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, “सर, मला ताण सोसत नाही, माझं हृदय मलाच माहीत.” त्वचारोगतज्ज्ञांची मला फार आशा होती, कारण त्यांना रात्री-अपरात्री कुणी उठवत नाही. पण त्यांनाही हल्ली एकाएकी इमर्जन्सी येऊ लागल्या होत्या. “गजकर्णाची इमर्जन्सी?” मी विचारलं. “सर, खाजेला वेळकाळ असतो का?” भूलतज्ज्ञांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, इतक्या शांतपणे की थोड्या वेळाने मीच फोन ठेवून दिला. सगळ्यात प्रामाणिक निघाले मानसोपचारतज्ज्ञ. ते म्हणाले, “सर, मी पेशंटना नेहमी सांगतो, ‘नाही’ म्हणायला शिका. आज स्वतःच सुरुवात करतो. नाही.”

ज्यांना आजार नव्हता त्यांना ऋतू होते. आमच्याकडचा डॉक्टर हा अर्धा शेतकरी असतो. त्यामुळे जुलैत त्याचे रोवणे असतात. ऑगस्टात पूर आणि मलेरिया. सप्टेंबरात गणपती आणि डेंग्यू. पुढे धान कापणीला येतो. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून वडशाच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव लागतात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर पडतो, मग दुसऱ्या दिवशी ओपीडी करायची की सभा? जानेवारीत शंकरपट, फेब्रुवारीत लग्नं, मार्चमध्ये इन्कम टॅक्स. चैत्रात महाकालीची यात्रा. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तर सावलीच सावली शोधते, तिथे सचिव कुठून सापडणार? त्यात सासुरवाडीकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. एका डॉक्टरांना मी म्हटलं, “मग तुम्हीच एखादा महिना सुचवा.” त्यांनी खरोखर कॅलेंडर काढलं, बराच वेळ चाळलं आणि म्हणाले, “अधिक महिना कधी आहे जी?”

भामरागडची पर्लकोटा नदी पावसाळ्यात चढली की तिथला संपर्क तुटतो, हे पेपर वाचणाऱ्या सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. भामरागडच्या डॉक्टरांनी ते कारण दिलं असतं तर मी हात जोडले असते. पण भामरागडच्या डॉक्टरांनी फोन पहिल्या रिंगला उचलला आणि सांगितलं, “सर, रस्ता सुरू असला तर येतो, नसला तर नाही येत, बाकी काय लागेल ते सांगा.” हे कारण मला दिलं चंद्रपुरातल्या तुकूमच्या एका डॉक्टरांनी.

“पर्लकोटेला पूर आहे ना सर.”

“पण तुम्ही तुकूमला राहता.”

“हो, पण पेशंट तिकडून येतात.”

“पूर असला तर पेशंट येत नाहीत. म्हणजे तुम्ही उलट मोकळे.”

“तेच तर टेन्शन आहे सर!”

नदी नसली तर वाघ. मूल रस्त्याला सहानंतर वाघ असतो, नागभीडकडून यायचं तर वाटेत वाघ असतो, आणि चिमूरवाल्यांना तर वाघ सोडून दुसरं कारण द्यावंच लागत नाही. मी वाघाची थट्टा करत नाही. इथल्या खेड्यात मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली बाई संध्याकाळी घरी येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगलेला असतो. पण तोच वाघ मूल रस्त्यावर फक्त आमच्या वार्षिक सभेच्या दिवशी उभा राहतो, आणि त्याच रस्त्याने औषध कंपनीच्या नागपूरच्या पार्टीला जाताना तो कुणालाच आडवा येत नाही, याचा वनखात्याने एकदा अभ्यास करावा. कॅमेरा ट्रॅप लावायचेच असतील तर माझी सूचना अशी की ते जेवणाच्या टेबलाजवळ लावावेत. आमच्या सभासदांची गणना दुसरीकडे कुठे होणं शक्य नाही.

आता, सचिवपदात एवढं आहे तरी काय? ज्यांनी ते केलंय ते सांगत नाहीत आणि ज्यांना ते द्यायचंय त्यांना मी सांगत नाही. तरी इथे थोडं सांगतो. एक जुलैला डॉक्टर्स डे करायचा. मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायला 30 पॉइंट लागतात, त्यासाठी व्याख्यानं ठेवायची. व्याख्याता नागपूरहून आणायचा, आणि त्याच्यासमोर माणसं बसवायची. माणसं येतात. सही करतात, बाहेर जातात आणि जेवणाच्या वेळी दुसऱ्या दाराने आत येतात. हॉस्पिटलवर जमाव चालून आला की लोक पोलिसांच्या आधी सचिवाला फोन करतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 चा कायदा आहे, कलमं आहेत, शिक्षा आहे, पण कायद्याला रात्री अडीचला फोन करून “ताबडतोब या” असं म्हणता येत नाही. सचिवाला म्हणता येतं. आणि नवी कार्यकारिणी आली की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज भरायचा. तो बऱ्याच वर्षांत कुणी भरलेला नसल्याने बँकेत सही अजून आमच्या जुन्या कोषाध्यक्षांचीच चालते. ते आता मुलाकडे नागपूरला राहतात. केटररचा चेक ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ जातो आणि सही होऊन दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत येतो. आमच्या संघटनेत वेळेवर येणारी तेवढी एकच गोष्ट.

सभेचंही एक शास्त्र आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घ्यावी, मग गणपूर्तीची अट नाही, असं कलम बहुतेक संस्थांत असतं. पाचची सभा साडेपाचलाच होणार हे त्यामुळे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळे साडेपाच धरून सहाला येतात. पाच वाजता हजर असतो एकटा सचिव, आणि तो एकटाच स्वतःला तहकूब करतो.

उमेदवारांना मोह पाडायला मी इतिहासाचा आधार घ्यायचो. इंडियन मेडिकल असोसिएशन 1928 साली कलकत्त्यात सुरू झाली, तिचं अध्यक्षपद भूषवलेले बिधानचंद्र रॉय पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले, आणखी एक अध्यक्ष जीवराज मेहता गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. “कुणी सांगावं,” मी म्हणायचो, “तुमचंही नशीब असंच कुठे लपलेलं असेल.” भद्रावतीच्या एका तरुण डॉक्टरने हे सगळं नीट ऐकून घेतलं.

“सर, हे दोघं अध्यक्ष होते ना?”

“हो तर!”

“त्यांचे सचिव कोण होते?”

मला सांगता येईना.

“बस. म्हणूनच नाही म्हणून राहिलो.”

दुसऱ्या एकाने तर मला थेट नेतृत्वाचं तत्त्वज्ञानच ऐकवलं. “सर, खरं नेतृत्व पदाने येत नाही. प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमटे हेमलकशाला गेले, बंग दांपत्याने गडचिरोलीच्या रानात शोधग्राम उभं केलं. त्यांनी कुणाकडे अर्ज भरला होता?”

“खरंय. मग तुम्ही निघता का हेमलकशाला?”

“नाही ना सर. एमआरआय मशीनचा हप्ता सुरू आहे.”

अध्यक्षपदाची तऱ्हा निराळी. ते पद हवं असतं, पण मागायचं नसतं. पंगतीत जिलबीला पानावर आडवा हात धरावा आणि बोटांमध्ये फट ठेवावी, तसं त्याचं असतं. चंद्रपूरचे एक ज्येष्ठ फिजिशियन तीन वर्षांपासून असा हात आडवा धरून बसले आहेत. यंदा त्यांच्याकडे मी आमच्या एका तरुण सहकाऱ्याला पाठवलं. तो शिकला मुंबईला. ज्येष्ठांनी “नको रे बाबा, आता तरुणांना संधी द्या” असं म्हटल्याबरोबर त्याने ते वहीत लिहून घेतलं, “थँक यू सर” म्हणाला आणि उठला. चहासुद्धा पूर्ण प्यायला नाही. त्या रात्री मला वेगवेगळ्या चार माणसांचे फोन आले की सर थोडे नाराज आहेत, पण तसं तुम्हाला सांगू नका म्हणाले आहेत.

सूचक-अनुमोदकांची मात्र कधी टंचाई पडली नाही. दुसऱ्याचं नाव सुचवायला सगळे एका पायावर तयार. राजुऱ्याचे बल्लारपूरच्यांचं नाव सुचवतात, बल्लारपूरचे वरोऱ्याच्यांचं, वरोऱ्याचे पुन्हा राजुऱ्याच्यांचं. “मी तुमच्या पाठीशी आहे,” असं जो तो म्हणतो. सगळेच पाठीशी उभे असल्याने समोरून बघणाऱ्याला रिकामं मैदान दिसतं.

आणि हो, एका पदासाठी अर्ज आले होते. सांस्कृतिक सचिव. तेही तीन. वार्षिक संमेलनात कराओकेवर कोण गाणार, किती गाणार आणि कुणाच्या आधी गाणार हे तो ठरवतो. माइकसाठी आमचे सभासद कंबरदुखी, रोवणे आणि वाघ सगळं विसरतात. मागच्या संमेलनात एका सर्जननी किशोरकुमारची सलग पाच गाणी म्हटली. श्रोत्यांत तीन भूलतज्ज्ञ होते, पण त्यांचा कुणी वेळेवर उपयोग केला नाही.

मुदत संपत आली तेव्हा यादीत उरल्या होत्या फक्त गडचिरोलीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. संघटनेत महिलांची आठवण दोनदा होते, दीपप्रज्वलनाला आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देताना. मी फोन केला.

“मॅडम, सचिवपदाबद्दल विचारायचं होतं.”

“कुणाला विचारायचं होतं? आमच्या यांना? ते ओटीत आहेत.”

“नाही, तुम्हालाच.”

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, जंगलाकडचं नेटवर्क गेलं.

“सर, सगळे नाही म्हणाले का?”

“...हो.”

“बरं. अर्ज पाठवा. आणि मागच्या पाच वर्षांचे हिशेब पाठवा.”

दुसऱ्या दिवशी भरलेला अर्ज आला. अर्जाच्या मागे मॅडमनी स्वच्छ अक्षरात, जे आमच्या व्यवसायात संशयास्पद समजलं जातं, आपला कार्यक्रम लिहिला होता. सभा वेळेवर सुरू होईल. सही केल्यावर बाहेर जाणाऱ्याचा पॉइंट कापला जाईल. माजी अध्यक्षांची भाषणं होणार नाहीत. जेवणाआधी हिशेब वाचला जाईल. पदग्रहणाच्या शाली किती आल्या आणि किती वाटल्या, याचा ताळा लावला जाईल.

नियमाप्रमाणे मी तो अर्ज दोन्ही बाजूंनी ग्रुपवर टाकला. यावेळी कुणी अभिनंदन केलं नाही.

रात्री दहानंतर फोन सुरू झाले. “मॅडम उत्तमच आहेत हो, पण त्यांना वेळ कुठे असतो? दिवसभर डिलिव्हरी.” “गडचिरोली लांब पडते.” “अनुभव थोडा कमी पडेल.” शालींबद्दल कुणी अक्षर काढलं नाही, पण दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कपाटात कुणीतरी सात शाली परत आणून ठेवल्या. एक तर ड्रायक्लीन केलेली होती.

आणि मग सचिवपदाला अर्ज आले! कंबर धरलेले हाडांचे डॉक्टर स्वतः जिना चढून अर्ज द्यायला आले. हृदयाला ताण सोसत नाही म्हणणारे म्हणाले, “संस्थेसाठी आता छातीचा कोट केलाच पाहिजे.” तुकूमच्या डॉक्टरांनी अर्ज भरला तेव्हा भामरागडला पाणी पुलावरच होतं, तरी त्यांचे पेशंट आता आड येत नव्हते. प्रगती पॅनेल निघालं, परिवर्तन पॅनेल निघालं. दोन्हीकडची माणसं तीच होती, टी-शर्ट वेगळे. जुनोन्याकडच्या एका फार्महाऊसवर गावरान कोंबडीचं जेवण झालं. रात्री बारापर्यंत पन्नास-साठ डॉक्टर जंगलात बसून होते आणि वाघाचं नाव कुणी काढलं नाही. मॅडमनी कुणाला जेवण दिलं नाही. त्यांनी फक्त ग्रुपवर एक ओळ टाकली: ‘हिशेब अजून मिळाले नाहीत.’

मतदानाला एवढी गर्दी संघटनेने कधी पाहिली नव्हती. सिरोंच्याचे डॉक्टर पहाटे निघून आले, एटापल्लीचे तर आदल्या रात्रीच मुक्कामाला होते. चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहायचं होतं, आणि तिथेच घात झाला. मोजणीला बसलो तर एकाही चिठ्ठीवरचं अक्षर लागेना. मीही चाळीस वर्षं असंच लिहितो, पण स्वतःचं लिहिणं आणि दुसऱ्याचं वाचणं या वेगळ्या विद्या आहेत. अखेर जटपुरा गेटजवळच्या एका मेडिकलवाल्याला बोलावलं. त्याने चष्मा लावला आणि भराभर गठ्ठे पाडले. एका चिठ्ठीपाशी तो थांबला.

“सायेब, हे नाव नाही जी. ‘पॅन फोर्टी, सकाळी उपाशीपोटी’ लिवलं हाये.”

मत बाद केलं. उरलेल्यांत मॅडम निवडून आल्या. आकडे जाहीर करत नाही, कारण पराभूत मंडळी माझ्याकडे पेशंट पाठवतात. एवढंच सांगतो की दोन्ही पॅनेलच्या जेवणाला हजर असलेल्यांपैकी निम्म्यांनी कोंबडी खाऊन मत मॅडमना दिलं. मेडिकलवाला सगळ्यांची अक्षरं ओळखतो, पण औषधाच्या दुकानात गुप्तता पाळतात.

निकालानंतर मॅडमनी हरलेल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. “तुम्हाला सेवेची एवढी तळमळ आहे हे मला माहीत नव्हतं,” म्हणाल्या आणि कामं वाटून टाकली. हृदयरोगतज्ज्ञांकडे धर्मादाय कार्यालय आणि बदल अर्ज. हाडांच्या डॉक्टरांकडे रात्री अडीचचा फोन. तुकूमच्या डॉक्टरांकडे भामरागडचं आरोग्य शिबिर.

“मॅडम, पर्लकोटेला पूर आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे. तिथल्या डॉक्टरांशी बोलले मी. पाणी उतरलं की ते तुम्हाला फोन करणार आहेत. उचला.”

आता अडचण अध्यक्षपदाची आहे. मॅडम सचिव म्हटल्यावर ज्येष्ठांनी आडवा हात पक्का केला आहे, बोटांमधली फट बुजली आहे. मुदत वाढवली, तरी अर्ज नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणी नोंदणीकृत डॉक्टर असेल, सांगितलेल्या वेळेला येत असेल आणि हाती माइक आल्यावर दोन मिनिटांत परत देत असेल, तर अर्ज माझ्याकडे मिळेल. झेरॉक्स चालेल. सूचक आणि अनुमोदक आमच्याकडून. नाव तेवढं वाचता येईल असं लिहावं.